खोट्या कॉम्प्युटरची खरी वायर

२७ एप्रिल २००८, रविवार
कंपनीची शाखा आमच्या वसईत निघतेय! तिथला सर्व्हर सांभाळायला माणूस हवा. ५ मेच्या सोमवारी जो साहेबांना व्हर्च्युअल मशीनवर नेट चालवून दाखवेल, तो वसईत. म्हणजे मीच. अंधेरीत गार डबा खाणं बंद. दुपारी घरी यायचं, गरम भात, बोंबलाचं कालवण, मग जरा लवंडायचं. वसुंधराला सांगूनही टाकलं.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा, खोटा कॉम्प्युटर, हेही तिला समजावलं. म्हणाली, आधी खरा तरी नीट चालू दे.

संध्याकाळी मशीन बनवलं. वेग वाढावा म्हणून आतली अडगळ काढली: फ्लॉपी, साउंड, नेटवर्क कार्ड. नेटची वायर खऱ्या कॉम्प्युटरच्या मागे लावलेली आहेच. असल्या युक्त्या पुस्तकात नसतात.

२९ एप्रिल
मशीन सुसाट. फक्त नेट नाही. नेटवर्क कार्डच दिसत नाही म्हणतंय. किरकोळ आहे.

३० एप्रिल
ऑफिसातल्या संग्रामचा फोन. बदलापूरला एकटा राहतो, त्याचाही वसईवर डोळा. विचारतो, मशीन बनवताना कार्ड काढलंस का रे? मला वेगाचं शिकवतो! फोन ठेवला.

१ मे, सुट्टी
केबलवाल्या सुरजला बोलावलं. पाचूबंदरचा आहे. म्हणाला, काका, इथं खारी हवा हाय, पिनीला गंज चढला असंल. अगदी माझ्या मनातलं बोलला. गच्चीवरून नवी वायर ओढून घेतली. खोट्याला त्याचा पत्ताच नाही. गंज आत जाऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद. वसुंधरा म्हणते, अहो, मे महिना आहे. तिला शास्त्रीय दृष्टीच नाही.

२ मे
बाजारातून नवं कार्ड आणून कॅबिनेटमध्ये बसवलं. आता खऱ्या कॉम्प्युटरला दोन, खोट्याला एकही नाही. कृतघ्न.

३ मे
लोडशेडिंग. नाहीतर आज झालंच असतं.

४ मे, सकाळी
मशीन पुसून पहिल्यापासून तीनदा बनवलं. घाईतही अडगळ काढायला एकदाही विसरलो नाही. शिस्त म्हणतात ती हीच.

५ मे, सोमवार
मशीन पेनड्राइव्हवर घालून ऑफिसात नेलं, साहेबांना वेग दाखवला. म्हणाले, नेट? मी खाऱ्या हवेबद्दल बोललो. ऑफिस अंधेरीत, एसी चालू. संग्रामने माउस घेतला, सेटिंगमध्ये जाऊन मशीनला कार्ड जोडलं, नेट सुरू. मशीन मात्र माझं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो.

११ मे
वसईला संग्राम जाणार. जाऊ दे, वसईत खरं काम असं नाहीच. त्याला जागा मीच बघून दिली, आमच्याच बिल्डिंगमध्ये. मार्गदर्शनाला बरं.

२८ मे, दुपारी, अंधेरी
डबा. भेंडी, गार पोळी. घरी फोन केला. वसुंधरा म्हणाली, थांबा हं, संग्रामभावजींना भात वाढतेय. एकटे आहेत हो, दुपारी इथेच जेवत जा म्हटलं. जेवून जरा लवंडतातही.

बोंबलाचं कालवण त्याला फार आवडलं म्हणे. माझ्यासाठी रात्री आमटी आहे.