चार नंबर वॉर्डातलं सूप

ती. आत्यास,

सादर नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत, हे विचारत नाही. हॉस्पिटलचे तीन जिने ते दिवसातून दोनदा चढतात, याची नोंद वॉर्डाच्या वहीत आहे. मी ठीक. समोर आले तर तू मला बोलू देणार नाहीस, म्हणून हे पत्र.

माझी नोकरी म्हणजे ‘सरकारी किराणा आणणं’, असं तू सगळ्यांना सांगतेस. फारसं चूक नाही. सरकारी हॉस्पिटलांसाठी जे अन्न खरेदी होतं, त्याच्या अटी मी लिहिते. यंदा अट घातली की शंभर मिलिलिटर सूपमध्ये मीठ अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त नको. (मंजुरीला चौदा महिने लागले. साहेब म्हणाले, “आजारी माणसाला आधीच सुख कमी, त्यात तुम्ही!”) कंत्राटदाराने ती तंतोतंत पाळली, हा पहिला धक्का. दुसरा असा की पेशंट जेवेनात. ताटं परत आली की उष्ट्याचे डबे काट्यावर तोलायचं काम मी स्वतःकडे घेतलं (इतकं शिकून मी उष्टं मोजते, हे आईला कळवू नकोस). शंभर किलोंतले अडतीस किलो परत. खरेदी समितीने बजावलं, हा आकडा पंधराच्या आत आणा, नाहीतर अट रद्द.

आणि मग चार नंबर वॉर्डाचा आकडा एकदम सहावर आला. मी आनंदाने (माझ्या मानाने) तक्त्यांसह अहवाल लिहिला की जिभेला दोन आठवड्यांत सवय होते. बाकीच्या वॉर्डांतल्या जिभांचं काय, हे मला सुचलं नाही. सुचलं ते बाबांचे पाय सुजल्यावर. तो वॉर्ड त्यांचाच. हृदय थकलेलं, मीठ वर्ज्य, आणि पावलावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहतो. त्यांच्या वाटीतलं सूप मी प्रयोगशाळेत नेलं. मीठ दीड ग्रॅम. तिप्पट, आत्या.

नर्सला विचारलं. ती म्हणाली, “अहो, तुमच्या आत्याबाई ना! पर्समधून पुडी काढतात नि खाटोखाट फिरतात. ‘घ्या हो, चिमूटभराने कुणी मरत नाही.’ आम्हालाही विचारतात!” बाबा म्हणाले, “तिला रागावू नकोस गं. इथे विचारून वाढणारी ती एकटीच.”

रागावलेले नाही. अहवाल मागे घेतला. साहेबांनी तो दोन बोटांत धरून परत दिला. समिती शुक्रवारी बसेल आणि अट बहुतेक जाईल. कळावे.

तुझी भाची

ता. क. १ : मिठाची पुडी यापुढे आणायची नाही. ही विनंती नाही.

ता. क. २ : काल तुला यायला जमलं नाही. बाबांच्या ताटातल्या चारशे तीस ग्रॅमपैकी चारशे दहा ग्रॅम परत आलं. तेव्हा ये. पुडीशिवाय ये आणि ते जेवेपर्यंत नुसती जवळ बस. ही विनंती आहे. मीच बसले असते. पण त्या वेळी मी खाली डबे तोलत असते.