दोन नद्यांचं उत्तर

गुरुजी, तुम्ही विचारलं होतं त्याचं उत्तर अजून माझ्यापाशीच पडून आहे. आपल्या जतकडं नदी म्हणजे नुसती वाळू, आणि कऱ्हाड तर तुम्हीही पाहिलेलं नव्हतं. तुम्ही फळ्यावर वरून कृष्णा ओढलीत, खालून कोयना ओढलीत आणि खडू थांबवून म्हणालात, समोरासमोर आल्यावर कोण कुणाला ढकलत असेल, मला ठाऊक नाही. मास्तराला ठाऊक नाही म्हटल्यावर पोरं हसली, तुम्हीही हसलात. दिवाळी झाली की आम्ही धनगराची पोरं मेंढरांमागं पश्चिमेला जायचो. दुसऱ्या मास्तरानं आमची नावंच कापली असती. तुम्ही जाताना एकेकाला प्रश्न द्यायचात, आणि पावसाच्या तोंडावर परतलो की फळ्यापाशी उभं करून वर्गाला उत्तर सांगायला लावायचात. त्या साली मला नद्या दिल्यात. "माझ्यासाठी बघून ये रं," एवढंच म्हणालात.

कऱ्हाडजवळ एका मळेवाल्यानं खतासाठी आमची मेंढरं रानात बसवून घेतली होती. मी थोडी पांढरी लोकर कातरली, थोडी काळी. पांढरी कृष्णेत सोडायची, काठानं पळत येऊन काळी कोयनेत सोडायची, असं दिवसभर चाललं. बा आला आणि पाठीत काठी बसली. घोंगडीची लोकर पाण्यात घालतोस व्हय, म्हणाला. पण तवर मी बघितलं होतं. कुणीच कुणाला ढकलत नाही, गुरुजी. दोन्ही लोकरी समोर येऊन जागच्या जागी फिरतात, एकमेकींत गुंततात आणि मग मिळून उगवतीकडं जातात. वाटभर मी हे मनात घोकत आलो. येऊन बघतो तर शाळेला कुलूप. चैतात तुम्ही तापानं गेलात म्हणाले. मी पायरीवर बसून राहिलो, तर बा म्हणाला, "आता कुणाला सांगतूस? ऊठ, मेंढरं तहानल्यात." दुसरा मास्तर आलाच नाही. पुढं त्या खोलीत कडबा भरला.

आता मी आसामात आहे, पलटणीची खेचरं सांभाळतो. आलो तेव्हा तळाजवळची ही नदी कुठून येते म्हणून हवालदाराला विचारलं. तो उंब्रजकडचा, बागायतदाराचा पोरगा. म्हणाला, "का रं गड्या, ऊस लावतूस काय काठाला?" सगळे लय हसले. हसले त्याचं काही नाही, तुमच्या वर्गातही हसायचेच. पण इथं हसून झाल्यावर कुणी बघायला जात नाही. हळूहळू माझंही विचारणं बंद पडलं.

आमची पत्रं साहेब वाचून मग धाडतो. हे मी त्याच्याकडं देणार नाही, आणि दिलं तरी पत्त्यावर काय घालू? काल खेचराच्या पाठीवर एक किडा बसला होता. हुबेहूब वाळकं पान, शिरांसकट. मी तो झटकला आणि पट्टा आवळला. हा असा का, हे मनातसुद्धा आलं नाही. आणि खरं सांगतो गुरुजी, त्याचं मला वाईटही वाटलं नाही.