जावयाचा सरडा आणि तेहेतीस अंश

डिंडोली, सुरत
अधिक ज्येष्ठ, सोमवार

ती. स्व. मगनभाऊंना वाल्मिकचा वाकून नमस्कार.

तब्येत बरी असेलच. गुडघे दुखत असतील तर ते आपल्या वयाला शोभतं, आणि दुखत नसतील तर कृपा करून आमच्या घरी कळू देऊ नका, कारण आपली बहीण सरला लगेच माझ्या गुडघ्यांशी तुलना काढते. वहिनींचा ठेचा पोचला, खाल्ला आणि भोगला. पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. फोनच करणार होतो, पण तुम्ही फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर बसता आणि आमच्या घरची बातमी अमळनेरच्या बस स्टँडवर आधी पोचते. म्हणून हे पत्र आमच्या शेजारच्या लोटूच्या हातून पाठवतो आहे. त्याला चहा द्या, पत्र वाचायला देऊ नका.

तर धोंड्याचा महिना लागला. तीन वर्षांनी एकदा जावयाला वाण द्यायचं, तेहेतीस अनारसे, वर चांदीचं काहीतरी, सोबत दिवा. हे तुम्हाला मी काय सांगणार, तुम्ही तीन जावयांचे सासरे. सरलाने चांदीची वाटी पाहून ठेवली होती. मी मोठ्या मनाने (सोन्या-चांदीचे भाव पाहता हे मोठं मनच) ललितरावांना विचारलं की तुमच्या मनात काय आहे. माणसाने विचारू नये. जावई म्हणाले, मामा, चांदी नको, सुलतानसाठी एक चांगला थर्मोस्टॅट द्या, आणि निवड तुम्हीच करा, तापमानातलं तुमच्याइतकं कोणाला कळतं.

सुलतान म्हणजे त्यांचा सरडा. आपल्याकडे कुंपणावर मान हलवत बसतो तो नव्हे, परदेशी, गळ्याखाली काट्यांची दाढी, हातभर लांब, काचेच्या पेटीत राहतो. त्याची सरकारदरबारी नोंदणी आहे आणि त्याचे कागद माझ्या पेन्शनच्या कागदांपेक्षा व्यवस्थित लागले आहेत. त्याला दिवसा डोक्यावर गरम दिवा लागतो, आणि दिवा जास्त तापला तर जनावर भाजून निघेल म्हणून थर्मोस्टॅट. सुरतेत, या उकाड्यात, पैसे मोजून गरमी विकत घेणारा माणूस आमच्या गल्लीत मीच. ललितराव आणि आमची गायत्री कंपनीच्या कामाने पंधरा दिवस तिरुपूरला गेले आणि जाताना पेटी, सरडा, त्याची झुरळं (हो, झुरळं विकत, घरची फुकट फिरणारी त्याला चालत नाहीत) आणि दोन पानी सूचना आमच्याकडे ठेवून गेले. येत्या रविवारी परत येणार.

आता खरं सांगतो, मला त्या मागणीचा फार आनंद झाला. पलसाण्याच्या डाइंगमध्ये, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, चौतीस वर्षं मी मास्टर होतो. एकशे तीस अंशावर पॉलिस्टर कसं वागतं ते मी मशीनच्या आवाजावरून सांगायचो. मग कॉम्प्युटरचा पडदा लावलेली मशीनं आली, तो पडदा बघायला एक पोरगा आला, आणि मला शाल मिळाली. त्यानंतर दोन वर्षांत मला कोणी गॅसची शेगडी मोठी करू का, एवढंसुद्धा विचारलेलं नव्हतं.

भेस्तानला मासे-पक्षी विकणाऱ्याकडे गेलो. त्याने दोन डबे काढले. "काका, आ सस्तुं छे, लाईट चालू-बंद करशे. पेलुं मोंघुं छे, ए लाईट धीमे धीमे ओछी करे." मी मास्टरच्या तोऱ्यात स्वस्तातला उचलला. घरी लावला तर दिवा मिनिटाला पेटतोय, मिनिटाला विझतोय. सुलतान वरातीत आल्यासारखा डोळे मिचकावतोय आणि शेजारच्या नूतनताई विचारायला आल्या की तुमच्याकडे कार्यक्रम आहे का. दुसऱ्या दिवशी जाऊन महागातला आणला. हा उत्तम. दिवा हळूहळू मंद होतो, हळूहळू चढतो, आणि पुढे लाल आकडे दिसतात.

आकडा किती ठेवायचा, हा प्रश्न आला. सूचनांची दोन पानं होती, पण ती इंग्रजीत, आणि मास्टरने सूचना वाचायच्या म्हणजे आचाऱ्याने पाकिटावरचं वाचून भात लावण्यासारखं. सरला मध्ये पडली. "वाण शे ना ते? मंग तेहेतीस ठेवा. धोंडाना महिनामा तेहेतीसले हात लावानं नही." डब्याला हळदकुंकू लावून झालं होतं, वाद घालण्यात अर्थ नव्हता. तेहेतीस ठेवले. पुढचं डोकं मात्र माझं. डाइंगमध्ये पहिला धडा असा की मशीनच्या एका टोकाला दोन अंश जास्त झाले की कापडावर पट्टे येतात आणि लॉट परत. तेव्हा मी दिवा बरोबर मध्यावर टांगला, जुन्या कॉम्प्युटरमधला छोटा पंखा काढून पेटीत बसवला आणि हवा अशी फिरवली की या कोपऱ्यात तेहेतीस, त्या कोपऱ्यात तेहेतीस, दगडाखाली तेहेतीस. असं सारखं तापमान मी मिलमध्येसुद्धा कधी आणू शकलो नव्हतो. आकडे बघत मी दोन वेळा चहा प्यालो.

सुलतानने खाणं सोडलं. बुधवार, गुरुवार, शुक्रवार, झुरळं त्याच्या नाकावरून चालत गेली, त्याने पाहिलंसुद्धा नाही. नुसता काळवंडून काचेला पोट लावून बसायचा. भाऊ, मी घाबरलो. जावयाचा सरडा आपल्या घरी मेला तर ललितराव काही बोलणार नाहीत, तेच वाईट. आणि गायत्री आपल्या बापाला कधी पुन्हा काही विचारणार नाही.

शनिवारी सरला भजनाला गेली तेव्हा मी चष्मा लावून ती दोन पानं डिक्शनरीसकट वाचली. तर या जनावराला सारखं तापमान नकोच असतं. पेटीचं एक टोक चाळीस, दुसरं सत्तावीस. त्याचं तो ठरवतो कधी शेकायचं आणि कधी निवायचं. म्हणजे ज्याला आम्ही लॉट खराब म्हणायचो, ती त्याची तब्येत. मी तडक झाकण उघडलं, पंख्याचा बंदोबस्त केला, दिवा एका टोकाला नेला, तापमान मोजणारी वायर दिव्याखाली दगडावर ठेवली आणि आकडा चाळीसवर नेला. तासाभरात सुलतान दगडावर चढला, पिवळाधमक झाला आणि सात झुरळं खाऊन दाढी फुगवून माझ्याकडे बघत बसला. अनुभव तो अनुभव, शेवटी मास्टरचीच नजर कामी आली.

वहिनींना नमस्कार, नातवंडांना आशीर्वाद. ठेचा परत पाठवू नये.

आपला,
वाल्मिक

ता. क. : मूळ काम राहिलं. आकड्यावर मी तेव्हापासून दवाखान्याची पट्टी चिकटवली आहे, कारण सरलाला चाळीस दिसले तर वाण मोडल्याचा ठपका येईल. ती मोठ्या भावाचं ऐकते. तेव्हा तिला फोन करून सहज सांगा की यंत्राला तेहेतीसचा नियम लागत नाही, कोणा जाणत्याला विचारलं आहे. जाणता कोण, ते तुम्ही ठरवा.

ता. क. दुसरा : वरचा फोन करू नका. मघाशी वर "पंख्याचा बंदोबस्त केला, दिवा एका टोकाला नेला" असं लिहिलं, ते खरं नाही. शनिवारी मी झाकण उघडलं तेव्हा पंखा बंदच होता, त्याची वायर गुंडाळून रबर लावून ठेवलेली होती, आणि दिवा आधीच उजव्या टोकाला होता. आमच्या घरात वायरीला रबर लावणारा एकच माणूस आहे. मी फक्त वायर दगडावर नेली आणि आकडा बदलला. आज सकाळी गायत्रीला फोन करून आडून विचारलं, तर म्हणाली, आईने शुक्रवारीच रात्री फोन करून सगळं विचारून घेतलं होतं. मोजायची वायर तिने मध्यावर ठेवली होती, म्हणजे डब्यावर तेहेतीस तसेच, एका टोकाला चाळीसच्या आसपास आणि दुसरं गार. वाण शाबूत आणि सरडाही. चौतीस वर्षांत मला हे सुचलं नसतं. आणि ही बाई माझ्यासमोर अजून विचारते, मास्तर, आज कितीवर ठेवलं?

पट्टी काढली आहे, वायर पुन्हा मध्यावर आणि आकडा तेहेतीसवर आहे. रविवारी जेवणावर ललितराव विचारणार, मामा, हे कसं जमवलंत. मला सगळ्यांसमोर सरलाचं नाव सांगायचं आहे. सदतीस वर्षांच्या संसारात असं कधी केलेलं नाही, ऐन वेळी तोंडातून "अनुभव" निघेल अशी भीती वाटते. म्हणून रविवारी बरोबर साडेबाराला मला फोन करा, आणि मी बोललो नसेन तर तुम्ही बोला. मी स्पीकरवर टाकीन.