अकरा नंबरच्या ट्रेतली राख

बेरेआ,
४ जून २०१९

ती. मात्सेपिसो आत्या हिस,

आधी आपल्या रिवाजाप्रमाणे शांतीचं खोत्सो, मग पुसेलेत्सोचा सा. न. वि. वि.

टॅक्सीवाल्याबरोबर पाठवलेली घोंगडी पोचली. तू गावभर सांगत फिरतेस म्हणे की माझी भाची औषधाच्या कारखान्यात आहे. सांग ना सरळ की गांजाच्या कारखान्यात आहे. परवाना आहे, फाटकावर पहारेकरी आहे, आणि तो आम्हाला रोज सलाम ठोकतो. ज्या झाडापायी पोलीस घोड्यावरून तुझ्या दारात आले होते, त्याच झाडासाठी इथे पांढरे डगले आणि डोक्याला जाळी घालून आत जावं लागतं. हसू येतं आणि रागही येतो.

काम तुला कळेलसं लिहिते. खोलीला खिडकी नाही. ऊन म्हणजे दिवे. मोठ्या आईझाडांवरून आम्ही अकराजणी फाटे छाटतो, खालचं टोक मुळं फुटायच्या भुकटीत बुडवतो आणि दगडी लोकरीच्या, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंच्या ठोकळ्यात खोचतो. माती नावालाही नाही. वर पारदर्शक झाकण. नऊ ते बारा नंबरचे ट्रे माझे.

पण दोन आठवडे झाले, कलमं तिसऱ्या दिवशी माना टाकतात. चौथ्या दिवशी बुडखा तपकिरी होतो आणि संपलंच. पाण्याला सामू असतो, म्हणजे आंबटपणाचा आकडा. जितका लहान, तितकं पाणी आंबट. तो पाच पूर्णांक आठ हवा, म्हणून यंत्र बुडवून तो आकडा येईपर्यंत आम्ही पाण्यात आम्ल घालतो. यंत्र बरोब्बर पाच पूर्णांक आठ दाखवतं. इथले व्यवस्थापक डेवाल्डसाहेब म्हणतात की पाणी चोख आहे, तेव्हा दोष हातांचा, डोंगरातल्या बायकांच्या हातांना मेंढ्यांची लोकर कातरायची सवय, नाजूक काम कुठून जमणार. आम्ही ऐकून घेतलं. आता ते म्हणतात की आणखी कलमं मेली तर कुणातरी एकीला काढणार, आणि तिचं नाव इतर परवानेवाल्या कंपन्यांनाही कळवणार. सगळ्यांत जास्त मेली आहेत ती माझी.

मला इथून जायचं नाही, आत्या. हे काम मला येतं. तू अशा वेळी काय करायचीस ते कळव.

तुझी,
पुसेलेत्सो

ता. क. जेवते. रोज विचारू नकोस.


मोखोत्लोंग,
१३ जून २०१९

चि. पुसेलेत्सो हिस आत्याचे अ. उ. आ.

जूनचा हिवाळा, बर्फ पडून खिंड बंद होती, म्हणून उशीर. मेंढ्या गोठ्यात आहेत आणि मी चुलीपाशी. पत्र तीनदा वाचलं. शेजारणीला वाचून दाखवलं तेव्हा साहेबाचं वाक्य गाळलं, नाहीतर ती चालत बेरेआला आली असती.

लोकर कातरणारा हात नाजूक नसतो हे त्याला कुणी सांगितलं? मेंढीला ओरखडा न काढता त्याने एक पाय तरी कातरून दाखवावा. बाप खाणीत गेला तेव्हा तू चार वर्षांची होतीस. तो परत आला नाही, आणि तेव्हापासून मी तुला मक्याच्या आडोशाला लावलेल्या या झाडाच्या कमाईवर वाढवलं, शाळा शिकवली. त्यामुळे झाड मला साहेबाने शिकवू नये.

आता कामाचं. मान टाकलेलं रोप तहानलेलंच असतं असं नाही. पाणी समोर असून पिता येत नाही, असंही असतं. बुडखा तपकिरी म्हणतेस, म्हणजे पाणी त्याला भाजतंय. यंत्राचं राहू दे, थेंबभर जिभेच्या टोकावर घे आणि थुंकून टाक. आंबट लागलं तर ते फार आंबट आहे. आपल्या वरच्या वाफ्यात जमीन आंबली की आपण काय करायचो? गोवऱ्यांची राख. डब्यात घालून पाठवते आहे. बादलीभर पाण्यात चिमूटभर टाक, निवळू दे, वरचं पाणी घे. चिमूट म्हणजे माझी चिमूट, तुझी नव्हे. तुझा हात लहानपणापासून सढळ आहे.

एकाच ट्रेला करून बघ. सगळ्यांना एकदम करायचा उतावळेपणा नको.

मान खाली घालू नकोस. माझा लोभ तिथे थंडीला जपून ठेव, इथे माझ्याकडे आणखी आहेच.

तुझी आत्या,
मात्सेपिसो


बेरेआ,
२४ जून २०१९

ती. आत्या हिस सा. न. वि. वि.

तुझं म्हणणं खरं निघालं आणि म्हणूनच मी गोत्यात आले.

पाणी जिभेवर घेतलं. लिंबाची फोड चाटल्यासारखं झालं. साहेबांना सांगितलं, तर ते म्हणाले की कंपनीने यंत्र विकत घेतलंय, जीभ नाही. मग मी कुणाला न विचारता अकरा नंबरच्या ट्रेचे ठोकळे राखेच्या निवळीत भिजवले. बाकी तीन ट्रे नेहमीच्या पाण्यात. सहा दिवसांत नऊ, दहा आणि बारा आडवे झाले. इतरजणींचेही झाले. अकरा नंबरमधली कलमं ताठ उभी होती, आणि परवा दोन ठोकळ्यांच्या बुडातून पांढरं मूळ बाहेर आलेलं मी स्वतः पाहिलं.

साहेबांनीही पाहिलं. हे एकटेच कसे जगले म्हणून त्यांनी कॅमेऱ्यातलं चित्रीकरण काढलं, त्यात माझा डबा दिसला. आता ते म्हणतात की राख साऱ्या खोलीत पसरली आणि तिनेच सगळी कलमं मेली. मी विचारलं की राख ज्यात घातली तो ट्रे जगतो आणि ज्यांत नाही ते मरतात, हे कसं. तर म्हणाले की विचार करायचा पगार मला मिळत नाही.

चूक माझी आहे, ती मी नाकारत नाही. हे औषध आजारी माणसांच्या पोटात जातं. बाहेरची चिमूटही आत आणायची नाही असा नियम आहे आणि तो योग्य आहे. तो मी मोडला. त्यांनी अकरा नंबरचा ट्रे जाळून टाकला, त्यालाही माझी ना नाही, फक्त बघवलं नाही.

पण त्यांनी एक कागद तयार केलाय. मी राख आणली आणि त्यामुळे खोलीतली सर्व कलमं मेली, असं त्यात आहे. सही केली तर ताकीद देऊन कामावर ठेवतील. नाही केली तर काढतील. एक जुलैपर्यंत मुदत आहे. आमच्या मुकादम सेनाते मॅडम वाईट नाहीत, पण त्याही म्हणतात की सही करून मोकळी हो, कागद कपाटात जातो आणि माणूस कामावर राहतो.

मी रात्रभर त्या वाक्यावर विचार केला, आणि मला ते आवडलं नाही. तू काय म्हणतेस?

तुझी,
पुसेलेत्सो


मोखोत्लोंग,
२७ जून २०१९

चि. पुसेलेत्सो हिस आ.

टॅक्सी तासाभरात निघते आहे, अक्षराला हसू नकोस. हे दुसरं पत्र आहे. पहिल्यात सही कर म्हणून लिहिलं होतं, दोन पानं भरून, शहाणपणाच्या गोष्टींसकट. ते चुलीत घातलं.

का घातलं ते सांगते, आजवर कुणाला सांगितलं नाही. पोलीस आले होते ना, त्यांनी पोती उचलली आणि माझ्यापुढे कागद धरला. गावात कुणाचंही पत्र आलं की वाचायला माझ्याकडे येतात. मुलगे मेंढ्यांमागे गेले आणि आम्ही मुली शाळेत, म्हणून माझ्या पिढीत वाचणाऱ्या आम्हीच. आणि त्या दिवशी मी माझाच कागद वाचायला मागितला नाही. भीती वाटली. सही केली, ते निघून गेले. त्यात काय लिहिलं होतं ते मला आजही माहीत नाही. वीस वर्षं झाली, आणि रस्त्यात पोलीस दिसला की मला वाटतं, याला माहीत असेल. तू तुझा कागद वाचलास. वाचून आवडला नाही म्हणतेस. मग करू नकोस.

आणि त्या यंत्राचं काय ते एकदा सगळ्यांसमोर होऊ दे. डब्यात मोतोहो नेतेस ना? ज्वारीची पेज आंबली आहे की नाही हे आपल्याकडे दात न आलेलं मूलही सांगतं. त्यात यंत्र बुडव आणि ते काय म्हणतं ते साहेबाला वाचायला सांग.

काम गेलं तर गेलं. घरी चूल आहे. तुला काढून टाकतील या विचाराने माझी झोप उडाली आहे, हेही खरं, लपवत नाही.

तुझी आत्या


बेरेआ,
३ जुलै २०१९

ती. आत्या हिस,

खोत्सो. या खेपेला सा. न. उभ्याने करते, कारण बसायला वेळ नाही, सामान बांधते आहे.

परवा जेवणाच्या सुट्टीत अकराजणी बसलो होतो. मी सेनाते मॅडमना यंत्र घेऊन यायची विनंती केली. साहेबही आले, गंमत बघायला. मोतोहोचा डबा उघडला, वासानेच ते दोन पावलं मागे सरले. मॅडमनी यंत्र बुडवलं. सहा पूर्णांक एक. दातांना झिणझिण्या आणणारी पेज, आणि यंत्राच्या मते ती जवळपास साध्या पाण्यासारखी. मॅडमनी बोट बुडवून चाटलं, परत आकडा बघितला, परत चाटलं. मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळ्याच हसत सुटल्या. साहेबांनी पेज चाखायला मात्र नकार दिला.

दुसऱ्या दिवशी नवं यंत्र आलं. टाकीतलं पाणी चार निघालं. जुनं यंत्र आंबटाला आंबट म्हणत नव्हतं, म्हणून आम्ही आम्ल ओततच राहिलो होतो. नव्या खोक्यात माहितीपत्रक होतं, ते मी वाचलं. यंत्राचं टोक कधीही कोरडं ठेवू नये, वाळलं की ते खोटं बोलतं. आमच्या भिंतीवर साहेबांच्या सहीची पाटी आहे, उपकरणं पुसून कोरडी ठेवावीत. आणि आत्या, रोज संध्याकाळी ते टोक निगुतीने पुसून पेटीत ठेवणारी मीच होते. तू शिकवलेली टापटीप. हेही मी मॅडमना सांगितलं.

तरी कागद तोच राहिला. अहवाल परदेशी मालकांकडे आधीच गेला होता, आता फक्त माझी सही हवी होती. मी म्हटलं की सही देते, पण वाक्य बदला. साहेब म्हणाले की बदलणार नाही, मग काढावंच लागेल. मी म्हटलं, काढा. काल दुपारी काढल्याचं पत्र हातात दिलं. त्यात कारण लिहिलं होतं, कलमांचं नुकसान केल्याबद्दल. मी ते तिथेच परत केलं. तासाभराने दुसरं आणलं, त्यात निष्काळजीपणा होता. तेही परत केलं आणि दारातल्या बाकावर बसून राहिले. पहारेकऱ्याने मला उठवायचं होतं, त्याने चहा आणून दिला. आतून आमच्या दहाजणी डगले न काढता एकेक करून बाहेर आल्या आणि बाकाशेजारी उभ्या राहिल्या. छाटायला कुणी नव्हतं, आणि कापलेले फाटे तसेच पडून होते. फाटा वाळायच्या आधी किती वेळ थांबतो हे साहेबांना चांगलं माहीत आहे.

तिसरं पत्र सेनाते मॅडमनी स्वतः टाइप केलं. ते मी बाकावर बसून पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग सही केली. त्यात लिहिलं आहे की नियम मोडून अकरा नंबरच्या ट्रेत राख घातल्याबद्दल पुसेलेत्सोला कामावरून कमी करण्यात येत आहे, आणि अकरा नंबरच्या ट्रेतली सर्व कलमं जिवंत होती.

शुक्रवारच्या टॅक्सीने येते. काम गेल्याचं मला फार वाईट वाटतंय आणि वाटेत मी रडेन, तेव्हा डोळे सुजलेले दिसले तर विचारू नकोस. लोभ आहे तेवढाच ठेव, वाढवलास तर घोंगडीत मावणार नाही.

तुझी,
पुसेलेत्सो