पोटातल्या शब्दांचा चोर

३ मार्च, सकाळी ७
आजपासून रोज चार तास काम. भावनांच्या शब्दांची कुळकथा लिहून काढणारच. आमच्या व्हिएतनामीत 'बुओन' म्हणजे उदास. झोप आली, हसू आलं, मळमळलं, लघवीला लागली, तरी बुओनच. विद्वान म्हणतात, शब्द चिनीतून आला. डोंबलाचा चिनीतून! पोटातून आलाय. अधीर झालो की आम्ही 'आतडं तापलं' म्हणतो, ते उगीच? जगात हे मला एकट्यालाच सुचलंय.

५ मार्च
काम झालं नाही. शेजारचा त्वान, रिटायर्ड पोस्टमन, भल्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरात! ताई त्याला शेवयांचा रस्सा वाढत होती. मला बघून दोघं चिडीचूप. म्हणजे माझं संशोधन काढून घेतोय. बायको गेल्यापासून विधवा ताईच माझं घर सांभाळते. भोळी आहे बिचारी.

९ मार्च
संशय पक्का. दाराआडून ऐकलं. त्वान ताईला म्हणाला, तुम्ही दिसला नाहीत की आतडं तापतं हो. माझंच उदाहरण, जसंच्या तसं! मेल्याला लाज नाही. ताईला दम दिला, घरातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये. ती तोंडाला बाही लावून बसली. विचारलं तर म्हणाली, हसण्याचं बुओन आलंय रे. लगेच टिपून घेतलं. काम उद्यापासून नक्की.

१४ मार्च, सकाळी १०
जिंकलो! त्वान घरच्या दोन म्हाताऱ्यांना घेऊन दारात हजर. हातात विड्याची पानं, सुपारी, वर लाल कापड. आमच्याकडे माफी मागायला पानसुपारी घेऊनच येतात. लाल कापड जरा जास्तच, पण चोरीही काही लहान नव्हती. मी उभा राहून भाषणच ठोकलं. म्हटलं, त्वानराव, सगळं ठाऊक आहे मला. जे नेलंत ते खुशाल ठेवा, मी मोठ्या मनाने देऊन टाकलं. म्हातारीने डोळे पुसले. त्वान वाकला. ताई लाजली. ती का लाजली?

दुपारी
कळलं. ताईला मागणी घालायला आले होते. आणि मी चारचौघांत होकार देऊन बसलोय. पुढच्या महिन्यात ती जाणार.

पाहुणे गेल्यावर ताई जवळ येऊन बसली. म्हणाली, वाईट वाटतंय का रे? म्हटलं, छे, भूक लागलीय. तिने गरम भात वाढला, आवडीचा मासा पुढे सरकवला. पहिला घास तोंडात घेतला.

गिळेना.