सहा वाजताची कूस

प्रिय चिमणे,

मावशीचं पत्र म्हणजे उपदेश, असं म्हणून हे उशाखाली सारू नकोस. परवा तुझ्या वॉर्डात येऊन गेले, आमच्या शेजारच्या शिंपीणकाकूंना बघायला. तू डॉक्टरांबरोबर राउंडवर होतीस. थांबले असते तर भेट झाली असती, पण मी टाळलंच. वॉर्ड मात्र डोळे भरून पाहिला. चादरींना एक सुरकुती नाही, बेडपॅन धुऊन पालथे घातलेले. एक नवी मुलगी म्हाताऱ्या आजींना स्पंज देत होती. आधी डोळे, मग चेहरा, आणि गार झालेलं पाणी लगेच बदललं. भाची वॉर्डची इन्चार्ज आहे म्हणून माझी मान ताठ झाली होती.

काकूंना झोप लागलेली. मग नर्सची जुनी खोड जात नाही म्हणून खाटेच्या पायथ्याचा तक्ता काढून वाचत बसले. दर दोन तासांनी पेशंटची कूस बदलल्याची नोंद होती. दोनला डावी, चारला पाठ, सहाला उजवी, सगळ्यांपुढे सह्या. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजले होते.

चादर उचलून पाहिलं तर माकडहाडावर बटणाएवढा लाल डाग. तो बोटाने दाबला. दाबल्यावर पांढरा पडला तर अजून वेळ गेलेली नाही, हे तुला मीच शिकवलंय. तो लालच राहिला. त्या नव्या मुलीला बोलावून आम्ही दोघींनी काकूंना वळवलं. बिचारीने सरळ सांगितलं की कामाच्या रगाड्यात तक्ता दुपारीच भरून ठेवायचा, अशी इन्चार्ज सिस्टरांची सूचना आहे. तिला रागावू नकोस.

तुलाही मी कुठल्या तोंडाने रागावू? शिकाऊ असताना तू माझ्याच हाताखाली होतीस, आणि एकदाच सगळ्या सह्या करून दिवस उरकायची ती युक्ती माझीच. मांडीचं हाड मोडलेले ते मास्तर आठवतात? तुझ्या अक्षराला नावं ठेवायचे, तुला हसू आवरायचं नाही. ते तापाने गेले, असं मी त्यांच्या मुलीला सांगितलं. ताप पाठीच्या जखमेतून चढला होता. त्या जखमेत माझी दोन बोटं मावत होती. कागदावर मात्र मास्तर दर दोन तासांनी कूस बदलत होते, म्हणून कुणी चौकशीही केली नाही. इतकी वर्षं तुझ्यापाशी बोलले नाही, कारण मला लाज वाटते. आजही वाटते.

आता खरं काय ते लिहिते. परवा काकू हे निमित्त होतं, मी डॉक्टरांना स्वतःची तब्येत दाखवायला आले होते. दोन महिने पायांना मुंग्या येत होत्या, आता गुडघ्यांखाली काही कळत नाही. मणक्यात गाठ आहे. सोमवारी ऑपरेशन, आणि पुढचे सहा आठवडे तुझ्याच वॉर्डात. कंबरेखालची सगळी हालचाल आणि जाणीव जाईल, असं डॉक्टर म्हणाले. मला आपली आपण कूस बदलता येणार नाही, आणि पाठ सडायला लागली तरी दुखणार नाही, म्हणून मी हाकही मारणार नाही. फार भीती वाटते गं. तक्ता कोरा राहिला तरी चालेल, पण मला वळव.

तुझीच,
मावशी