उजवीकडचा तबलजी

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि भाच्याचा अभ्यास हे सगळे बरे चालले असेल अशी आशा करतो. (दाजींचा खोकला बरा चालला म्हणजे थांबला, असे त्यांना वाचून दाखव, ते भलते अर्थ काढतात.) आमच्याकडे सगळे खुशाल. चष्म्याचे दुकान चालू आहे आणि लोकांचे डोळे वेळच्या वेळी बिघडत आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असे तुला वाटेल. पण फोनवर हल्ली तुझा आवाज फार बारीक येतो. नवा फोन घे म्हणून कितीदा सांगितले, पण आपल्या घरात ऐकतो कोण? तुमच्या गावचे औषधवाले इकडे आले आहेत, ते परत निघाले की त्यांच्या हातीच पाकीट देईन.

विषय इअरफोनचा आहे. हसू नकोस, प्रकरण गंभीर आहे. आमची बारकी नोकरीला बाहेरगावी गेली, तेव्हापासून आईशी तासन्‌तास बोलते आणि माझ्याशी 'बाबा, जेवलात ना? ठेवते' एवढेच. पण जाताना तिने माझ्या कॉम्प्युटरवर एक बंदुकांचा गेम घालून दिला आणि दर रविवारी सकाळी आम्ही बापलेक जोडीने तो खेळतो. पडक्या इमारतींतून दबकत जायचे, डावी बाजू तिची, उजवी माझी, आणि पावलांचा आवाज आला की दुसऱ्याला सांगायचे. सगळा खेळ कानांचा. आता गंमत बघ, समोर शत्रू असला की या मुलीची जीभ सुटते. साहेब कसा खडूस आहे, खोलीतल्या मैत्रिणीशी अबोला का झाला, रात्री घराची आठवण येते, हे सगळे तिने मला गोळ्या चुकवता चुकवता सांगितले आहे. समोरासमोर बसून एक अक्षर बोलली नसती. तो एक तास मी कोणाला द्यायचा नाही.

आधी माझ्याकडे बिनवायरचे होते. त्यात आवाज जरा मागून येतो. गाण्याला चालून जाते, पण गेममध्ये मी मरायचो आणि मग मला गोळी ऐकू यायची. म्हणून वायरवाले घ्यायचे ठरले, आणि तेही स्वस्तातले. (गिऱ्हाइकाच्या नाकावर महागडी फ्रेम ठेवताना माझा हात थरथरत नाही, स्वतःच्या खिशात जाताना थरथरतो.) शिवाय काचा घासताना मला बासरी ऐकायला लागते, तेव्हा गाणे आणि गोळीबार दोन्ही एकाच जोडीत बसायला हवे. आमच्या समोरच्या मोबाइलच्या दुकानदाराने बजावले की याला इअरफोन म्हणायचे नाही, इन-इअर मॉनिटर म्हणायचे. मॉनिटर म्हटले की मला फळ्यावर नावे लिहिणारा वर्गातला पोरगा आठवतो, पण असो.

पहिली जोडी आणली. वायर कानामागून घ्यायची असते. तिथे आधीच चष्म्याची काडी, त्यावर ही वायर, म्हणजे एका खुंटीवर दोन सदरे. बरोबर लहान, मध्यम, मोठ्या अशा रबरी टोप्या होत्या. बसणीत तडजोड नको हे मी रोज लोकांना सांगतो, तेव्हा मोठ्या टोप्या लावून चांगल्या पिळून आत बसवल्या. पण आवाज म्हणजे नुसता धमधमाट, वरच्या मजल्यावर कोणी कपाटे सरकवत असल्यासारखा. तेवढ्यात गिऱ्हाईक आले म्हणून ओढून काढल्या, तर उजवीकडची टोपी गायब. गल्ल्याखाली, काचांच्या खोक्यांत, सगळीकडे शोधली. तुझ्या भावजयीने नुकताच केर काढला होता, तेव्हा गुन्हेगार उघड होता. मी तसे बोलून दाखवले. दोन दिवस जेवण मुकाट्याने झाले.

आणि तिथून माझे ग्रह फिरले. दुसरी टोपी लावली तर उजवी बाजू क्षीण. परत केली. दुसरी जोडी चकचकीत, धातूची. हिच्यात बासरी इतकी टोचायची की दात शिवशिवले, आणि उजवी बाजू क्षीण. तिसरी मात्र खरी गुणी. दुकानदार म्हणाला, हिचा आवाज सपाट आहे, काही वाढवत नाही, काही दडवत नाही. खरोखर बासरीवाल्याचा श्वाससुद्धा ऐकू आला. पण उजवीकडचा तबलजी? तो उठून घरी गेलेला. दुकानदाराने ती स्वतःच्या कानात घातली, मान डोलावली आणि म्हणाला, "ठणठणीत आहे. सवय होईल." ताई, हे वाक्य माझे आहे. मागे तो नव्या चष्म्याची तक्रार घेऊन आला होता तेव्हा मीच ते त्याला ऐकवले होते. मग माझा आवाज चढला. रस्त्यावरची माणसे थांबली. माझा आवाज मला वाटला त्यापेक्षा बराच मोठा होता, असे नंतर लोकांनी सांगितले.

हे सगळे हसण्यावारी गेले असते, पण गेल्या रविवारी बारकी माझ्या बाजूने मारली गेली. पुन्हा डाव मांडला, पुन्हा तसेच. माणूस माझ्या उजवीकडून पायऱ्या चढून आला आणि मला पत्ता नाही. ती रागावली नाही. रागावली असती तर बरे झाले असते. अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, तुम्हाला कंटाळा आला असेल तर सांगा हं. ऑफिसमधला एकजण विचारत होता." येत्या रविवारी जोड्यांचा मोठा सामना आहे. मी म्हटले, मला कसला कंटाळा? तेव्हा भाच्याला विचारून चांगली, स्वस्त, उजवीकडूनही वाजणारी जोडी कळव. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट बंद करायच्या आधी आणखी थोडे. आज दुकानात एका आजींचे डोळे तपासत होतो. उजवा झाका, वाचा. डावा झाका, वाचा. आणि झाकणी हातातच राहिली. आयुष्यभर हेच करतो आहे आणि कानाला ते करायचे सुचले नाही. आजी गेल्या आणि मी तिसऱ्या जोडीची उजवी बाजू डाव्या कानात घातली. तबलजी जागेवर होता, ताई. अगदी खणखणीत. जोडी चांगली आहे. तिन्ही चांगल्या होत्या.

आपल्या आप्पांचा उजवाच कान आधी गेला होता ना? याच वयात? मग डावा. मग ते सगळ्यांच्या मधे बसून, कोणी काहीही बोलले तरी हसायचे. आपण त्यांच्यासमोर त्यांच्याबद्दल बोलायचो आणि ते हसायचे. मला तसे हसायचे नाही. बारकीच्या घराच्या आठवणीवर मी नुसता हसलो तर? मला फार भीती वाटते आहे. जोडीबिडी राहू दे, भाच्याला काही विचारू नकोस. तू नर्स आहेस, तर तुझ्या दवाखान्यातल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घे, आणि इथे कोणाला कळू देऊ नकोस. हिला तर मुळीच नको.

ता. क. २. हिला कळले. पाकीट गल्ल्यावर उघडे राहिले होते. तिने मला गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवले, माझीच डोळे बघायची बॅटरी माझ्या कानात मारली, म्हणाली, "हलू नका," आणि फ्रेमचे स्क्रू धरायच्या चिमट्याने हळूच एक वस्तू ओढून काढली. काळी, रबरी, मोठ्या मापाची. ती गल्ल्यावर माझ्यासमोर ठेवली आणि पोळ्या करायला आत गेली. पंखा किती करकरतो हे मला त्यानंतर कळले. मी बराच वेळ तिथेच बसून तो ऐकत राहिलो. डोळे पाणावले होते हे कोणाला सांगू नकोस. संध्याकाळी दुकानदाराची माफी मागून आलो. तो कानात बोट घालून हसला.

ता. क. ३. औषधवाल्यांचा मुक्काम वाढला, म्हणून रविवारची हकीकतही लिहितो. सामना आम्ही तिसऱ्याच फेरीत हरलो. पण पहिल्या फेरीत मी म्हणालो, "बारके, उजवीकडून दोघे, जिन्यावर," आणि पलीकडून काहीच आवाज येईना. मला वाटले, वायर निघाली. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला ऐकू आलं?" म्हटले, आले. तेव्हा म्हणाली, "मला वाटलं, आप्पा आजोबांसारखं होतंय. गेल्या वेळी तुमची उजवी बाजूपण मीच सांभाळत होते, पण दोन्हीकडे पुरे पडेना." ऑफिसमधला एकजण वगैरे कोणी नाहीच. मला स्वतःहून थांबता यावे म्हणून तिने तो तयार केला होता. आता डॉक्टरांची वेळ घेऊ नकोस.

(वन्संना नमस्कार. वरचे सगळे वाचले. टोपी मी झाडली नव्हती, हे यांनी अजून कुठेच कबूल केलेले नाही, ते तुम्ही वाचून घ्या. वेळ मात्र घ्याच, कान एकदा डॉक्टरांनी बघितलेला बरा. आणि यांना माहीत नाही, पण बारकी मला सारखी फोन करून विचारायची, आई, बाबांना तुझी हाक ऐकू येते का गं? रडायची हो पोर. मी तरी काय सांगणार? माझी हाक यांना लग्नापासून ऐकू येत नाही.)